पेटलेल्या भट्ट्यांचा फोटो

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. मी खानापूर भागात मराठी शाळेत शिकवते. हे पत्र माझ्या भाचीसाठी लिहितेय. ती ९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पडवीच्या पायरीवरून पडली आणि मानेखाली पाठीवर सूज आली. हाडवैद्यानं तेल लावून चोळलं. सूज उतरली, पण खाली दगडासारखं कठीण काहीतरी राहिलं आणि उजवा हात डोक्यापर्यंत जाईना. वेणी आता मीच घालते. एका डॉक्टरांनी कॅन्सरची शंका काढून तुकडा काढायला सांगितलं होतं. नशीब की त्याआधी बालरोगतज्ज्ञांनी तिच्या पायाचे अंगठे बघितले आणि बेंगळूरला पाठवलं. तिथं जनुकाची तपासणी होऊन एफओपी असं निदान झालं. आता तिथले डॉक्टर म्हणतात, एका अभ्यासात नाव घाला, वर्षात तीनदा फ्लोराईडचा पेट-सीटी स्कॅन करू, खर्च आमचा. भाऊ म्हणतो, फुकट आहे तर करूया. आई म्हणते, "दुखणं पाठीचं आणि फोटो पेटचा? आणि अणूचं औषध पोरीच्या अंगात घालणार? उद्या तिला मूलबाळ व्हायचंय." वहिनी काहीच बोलत नाही, हे सगळं आपल्यामुळं झालं असं तिच्या मनानं घेतलंय. मला पडलेला प्रश्न वेगळाच. तिला सुई टोचू नका असं त्याच डॉक्टरांनी बजावलं होतं, मग हे इंजेक्शन कसं चालतं? संमतीचा कागद इंग्रजी आणि कानडीत आहे. तो वाचून घरात समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात आलंय.
तुमची वाचक, एक आत्या

उत्तर

आत्याबाई,

तुम्ही चार-पाच प्रश्न विचारलेत, पण मी सुरुवात करणार आहे ती न विचारलेल्या प्रश्नापासून, वहिनींपासून. हे उत्तर त्यांना आधी वाचून दाखवा.

एफओपीचं पूर्ण नाव फायब्रोडिस्प्लाझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. एसीव्हीआर-१ नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक होते आणि हा आजार होतो. ते जनुक २००६ मध्ये सापडलं, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, फ्रेडरिक कॅप्लन आणि आयलीन शोअर यांच्या गटाला. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांत हा बदल नसतोच, तो त्या एका गर्भात नव्यानं घडतो. लिहिताना हाताकडून एखादा काना सुटावा तसा. ग्रहण, डोहाळे, गरोदरपणात खाल्लेली पपई, कुणाची नजर, यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. पायरीवरून पोरगी पडली तेव्हा लक्ष कुणाचं नव्हतं, हा हिशेबही बंद करा. पोरं पडतातच. आणि हाडवैद्यालाही फार बोल लावू नका, कारण सूज म्हणजे हाड सरकलं, एवढंच त्याला ठाऊक. मात्र यापुढं चोळणं, शेकून दाबणं, हात धरून "जरा सैल करूया" म्हणत ओढणं, कायमचं बंद. आजीनं मायेनं केलेलं मालिशसुद्धा.

मोडलेलं हाड सांधायची कला शरीराला उपजतच येते. या आजारात तीच कला नको तिथं सुरू होते. स्नायूला मार बसला, कधी नुसता फ्लूचा ताप आला, की तिथं सूज येते आणि काही आठवड्यांत स्नायूच्या जागी हाड तयार होतं. तयार होतं ते खरंखुरं, निरोगी हाड. जागा तेवढी चुकीची. हृदयाचा स्नायू, जीभ, डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा पडदा यातून वाचतात. बाकी मान, पाठ, खांदे इथून सुरू होऊन आजार हळूहळू खाली सरकतो. जगभरात दहा-वीस लाखांत एखाद्याला होणारा हा आजार. आपल्या जिल्ह्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर होती, म्हणजे सगळा बेळगाव जिल्हा धरला तरी हिशेबानं दोन-चार माणसं. आधीच्या डॉक्टरांनी एफओपी कधी पाहिला नसेल तर नवल नाही.

आता सुईचं. तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि बेंगळूरच्या डॉक्टरांनी तो विचारायची वेळ तुमच्यावर आणायला नको होती. भीती आहे ती स्नायूतल्या सुईची. दंडावर, मांडीवर किंवा कुल्ल्यावर देतात ती. स्नायूला तेवढी इजाही हाड उगवायला पुरते. दाताच्या डॉक्टरकडं खालचा जबडा बधिर करायला मागं खोलवर देतात ती सुईही या मुलांना नको, जबडा कायमचा अडकू शकतो. शिरेतून रक्त काढणं किंवा शिरेत औषध देणं यात स्नायूला हात लागत नाही, म्हणून ते चालतं. स्कॅनचं इंजेक्शन शिरेतलं असतं. फक्त शीर एका प्रयत्नात शोधणारा हात हवा, चार ठिकाणी खुपसणारा नको.

याच्याशी जोडलेली, पण स्कॅनपेक्षा जवळची एक गोष्ट, आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुम्हालाच सांगते. सरकारी लसीकरणात १० व्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस असते आणि ती स्नायूत देतात. म्हणजे येत्या वर्षी आरोग्य खात्याची माणसं तिच्या शाळेत येतील, पोरांना रांगेत उभं करतील आणि तीही रांगेत उभी राहील. मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी कळवा आणि निदानाच्या कागदाची झेरॉक्स जोडा. लसी अजिबात घ्यायच्या नाहीत असं नव्हे. कुठली लस, कधी आणि कातडीखालून देता येईल का, ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आता आजींच्या पेटकडं वळते. हा प्रश्न मला नोकरीच्या काळात इतक्यांनी विचारला आहे की आजी एकट्या नाहीत, असं त्यांना जरूर सांगा. हिंदीतल्या पोटाशी या नावाचा काही संबंध नाही, पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत. गंमत म्हणजे आपल्या मराठीतला "पेट" इथं चपखल बसतो. लाकडानं पेट घेतला म्हणतो ना आपण, तो.

तुम्ही खानापूर भागातल्या, तेव्हा वीटभट्ट्या तुम्हाला नव्या नाहीत. दिवसा रस्त्यानं जाताना सगळ्या सारख्याच दिसतात. कुठली चालू, कुठली गेल्या वर्षीच थंड झालेली, लांबून कळत नाही. रात्री त्याच रस्त्यानं जा, ज्या पेटलेल्या आहेत त्याच धगधगताना दिसतात. एक्स-रे आणि सीटी म्हणजे दिवसाचा फोटो. कुठं कुठं हाड आहे ते त्यात अगदी नीट दिसतं. फ्लोराईडचा पेट स्कॅन म्हणजे रात्रीचा फोटो. हाड बनवायचं काम आज, या आठवड्यात कुठं चालू आहे, ते त्यात दिसतं. पेट-सीटी यंत्र दोन्ही फोटो एकापाठोपाठ काढून एकावर एक ठेवतं, म्हणजे कुठली भट्टी पेटली ते नकाशावर बोट ठेवून सांगता येतं.

मग फ्लोराईडच का? फ्लोराईड म्हटलं की आपल्याला गदग-कोप्पळकडचं बोअरचं पाणी आठवतं, पिवळे पडलेले दात आणि वाकलेली हाडं आठवतात. तिथं जे शाप ठरलं तेच इथं कामी येतं. फ्लोराईडला हाडाची ओढ असते. नवं हाड बनताना जे खनिज साचतं त्याच्या स्फटिकात ते जाऊन बसतं, आणि जुन्या, थंड हाडापेक्षा ताज्या हाडात कितीतरी जास्त. स्कॅनमध्ये वापरतात ते फ्लोरीन-१८, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरीन, आणि त्याची मात्रा इतकी सूक्ष्म असते की गदगच्या पाण्याशी तुलनाच होत नाही. दात पिवळे पडायची भीती नको. १९६२ पासून हाडांच्या तपासणीत फ्लोरीन-१८ माहीत आहे. मधल्या काळात टेक्नेशियम हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य स्वस्त आणि सोयीचं म्हणून ते मागं पडलं, पेट यंत्रं आली तसं परतलं.

त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं. हे औषध सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवावं लागतं आणि बनलं की घड्याळ लावून पळवावं लागतं. भारतात वैद्यकीय कामासाठीचा पहिला सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला बसला, तेव्हा आम्ही लोक तो बघायला असे जात होतो जसं कुणी यात्रेला जावं. सांगायचं एवढंच की हा स्कॅन गावोगावी का होत नाही, त्याचं कारण यात आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या चुकीची आहे.

१९९० च्या दशकात मी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं देऊन तपासणी करणाऱ्या विभागात काम करत होते. खांद्याजवळ गाठ असलेला एक मुलगा आला, तुमच्या भाचीपेक्षा थोडा लहान. टेक्नेशियमचा बोन स्कॅन केला. गाठ पडद्यावर नुसती काळीकुट्ट, म्हणजे भट्टी जोरात पेटलेली. मी रिपोर्टात लिहिलं, "घातक गाठीची शक्यता, तुकडा तपासावा." तसा तुकडा काढला. पुढं त्या जखमेतूनच हाड वाढत गेलं आणि दीडेक महिन्यात त्याचा दंड छातीच्या बाजूला जो चिकटला तो चिकटलाच. निदान नंतर दुसऱ्याच कुणीतरी केलं, अंगठे बघून. स्कॅनच्या खोलीत एसीची थंडी असते, म्हणून त्याच्या आईनं त्याला मोजे घातले होते. ते काढायला मी सांगितलं नाही. आणि पूर्ण शरीराच्या त्या फोटोत पाय होते, आत्याबाई. मी खांदाच बघत बसले होते.

एफओपीच्या जवळजवळ सगळ्या मुलांचे पायाचे अंगठे जन्मतःच आखूड आणि आत वळलेले असतात, हे पुस्तकात होतं, मी वाचलेलंही होतं. २००५ मध्ये १३८ रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे ८७ टक्क्यांचं पहिलं निदान चुकलेलं निघालं. ते वाचून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

हे सांगायचं कारण माझं ओझं हलकं करणं नाही, किंवा थोडंसं असेलही. कारण असं की स्कॅन "इथं पेटलंय" एवढंच सांगतो. का पेटलंय ते सांगत नाही. हाड मोडलेलं असो, कॅन्सर असो, संधिवात असो की एफओपी, डाग सारखाच. आणि तुमच्या भाचीच्या बाबतीत अजून एक. ९ वर्षांच्या मुलीची हाडं लांबीनं वाढताहेत. गुडघे, खांदे, कंबर, मनगट, जिथं जिथं वाढीचा पट्टा आहे तिथं तिथं फ्लोराईड चमकणार. मूत्रपिंड आणि मूत्राशयही उजळणार, कारण उरलेलं औषध लघवीतून जातं. फोटो हातात पडला की भाऊ म्हणेल, "अरे, पोरगी सगळीकडंच पेटलीय की." तसं नसतं. ती वाढतेय एवढाच त्याचा अर्थ. मोबाईलवर फोटो नातेवाइकांत फिरवण्याआधी हे घरात सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी शहाणा निघतोच.

मग या अभ्यासाचा उपयोग काय? या आजारात सूज आली म्हणजे हाड होईलच असं नाही, आणि कधी सूज न येता, दुखलं-खुपलं नसतानाही हाड वाढत राहतं. नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅमच्या एका गटानं फ्लोराईडचे पेट-सीटी काढून हेच दाखवलं. सीटीत हाड नीट दिसायच्या आधी ती जागा पेटमध्ये चमकते, आणि रुग्णाला पत्ता नसलेल्या जागाही चमकलेल्या सापडतात. तुकडा काढून बघायची सोय या आजारात नाही, त्यामुळं आत काय चाललंय ते बघायची ही एक खिडकी आहे. एखादं नवं औषध लागू पडतंय का, हे सीटीवर ठरवायचं तर वर्षानुवर्षं थांबावं लागेल. पेटवर काही महिन्यांत अंदाज येतो.

पण अंदाजच. गारेटोस्मॅब नावाच्या औषधाची ४४ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली, तिचं मोजमाप याच फ्लोराईड स्कॅननं केलं होतं. स्कॅनवर निकाल सुरेख दिसत होता, नवे डाग फार कमी झाले होते. तरीही २०२० मध्ये काही रुग्णांच्या मृत्यूमुळं औषध देणं थांबवावं लागलं. एकूण पाच जण गेले. औषधामुळंच गेले असं ठरलेलं नाही. तरी फोटो सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नसतं, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं मला वाटतं. दुसरं एक औषध, पॅलोव्हॅरोटीन, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, मुलींना ८ वर्षांनंतर आणि मुलग्यांना १० वर्षांनंतर. त्यात वाढीचे पट्टे वेळेआधी बंद व्हायचा धोका आहे. कुणी त्याचं नाव काढलं तर "तिची उंची किती वाढायची राहिलीय?" हा प्रश्न पहिला विचारा.

म्हणून बेंगळूरला गेलात की डॉक्टरांना सरळ विचारा: या तीन स्कॅनमुळं तिच्या उपचारात काय बदलणार आहे? उत्तर "काही नाही, पण आजार समजायला मदत होईल" असं आलं तर ते प्रामाणिक उत्तर आहे आणि मला तरी ते आवडेल. उत्तर "तिचाच फायदा आहे" असं गोलमाल आलं तर जपून. भावाचं "फुकट आहे तर करूया" मला पटत नाही. फुकट म्हणजे मेहेरबानी नव्हे. तिच्यासारखे रुग्ण शोधून सापडत नाहीत, तुमच्यापेक्षा गरज त्यांना जास्त आहे. तेव्हा हात जोडून नाही, समोरासमोर बसून बोला. प्रवासखर्च आणि भावाचा बुडालेला रोज अभ्यासाच्या पैशातून मागा, मागायला लाजू नका. आयुष्मानचं कार्ड कर्नाटकाचं असो की सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीच्या महाराष्ट्राच्या योजनेचं, अभ्यासाच्या स्कॅनसाठी ते वापरू देऊ नका. पुढं खऱ्या उपचाराला लागेल.

किरणांचं आता. आजींची भीती अडाणीपणाची नाही, "अणू" शब्द आपल्याकडं ज्या बातम्यांतून आला त्या बातम्या तशाच होत्या. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप) किरणोत्सार मिळतोच. फ्लोराईडच्या एका इंजेक्शनचे साधारण ३ ते ५ मिलिसिव्हर्ट होतात. मुलांना वजनाप्रमाणं औषध कमी देतात, पण लहान शरीरात तेवढ्याच औषधाचे किरण जास्त भरतात, म्हणून हिशेब त्याच घरात राहतो. शिवाय त्यांचं शरीर किरणांना जास्त नाजूक असतं. सीटीचे वर वेगळे, आणि ते सीटी कसा काढतात त्यावर अवलंबून. एवढ्यानं मूल होण्यात अडथळा येत नाही, त्यासाठी लागणारी मात्रा याच्या शेकडो पट असते. आजींना हे छातीठोक सांगा. कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, हेही खरं, आणि तीन स्कॅनचा तिप्पट. तो इतका लहान असतो की उपचारासाठी स्कॅन लागला असता तर मी एका शब्दानं आडवं आले नसते. केवळ अभ्यासासाठी आणि तेही ९ वर्षांच्या मुलीला, म्हणून मी घासाघीस करेन. सीटी कमीत कमी मात्रेचा घ्या. तिसऱ्या स्कॅनची गरज पहिले दोन बघून ठरवा. मधल्या काळात दुसऱ्या कुणी सीटी सांगितला तर आधीचाच वापरता येतो का ते बघा. भाजीवालीशी करतो तेवढी घासाघीस डॉक्टरांशी करायला हरकत नाही.

"अंगात राहतं का" याचं उत्तर घड्याळावर. सकाळी ११ ला इंजेक्शन दिलं, रात्री १० ला तुम्ही बेळगावकडच्या गाडीत बसलात, तर मूळ औषधाचा ६४ वा हिस्सा उरलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला चार हजारावा. लघवीतून गेलं ते वेगळंच. भरपूर पाणी पाजा, वरचेवर लघवीला न्या. त्या दुपारी तेवढं कुणा गरोदर बाईच्या किंवा तान्ह्या बाळाच्या अगदी जवळ बसवू नका. रात्रीनंतर काही पाळायला नको.

संमतीचा कागद. तुम्हाला कानडी येत असेल, भावालाही बाजारापुरती येत असेल, पण वहिनींना ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत तो कागद हवा. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीत आहे तो. यात सीमाप्रश्न आणू नका, वाद घालू नका, नुसतं म्हणा, "आम्हाला मराठीत द्या, नाहीतर मराठी जाणणारा माणूस बसवा." आणि सहीच्या ओळीवर तुमचं बोट ठेवून कुणी घाई करत असेल तर कागद घरी घेऊन या.

त्याच नियमावलीप्रमाणं ७ वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून तोंडी होकार घ्यावा लागतो, १२ नंतर लेखी. म्हणजे भाचीला विचारायचं आहे. तीन वेळा शिरेत सुई, अर्धा तास न हलता पडून राहणं, असं जे आहे ते सांगा. ती नको म्हणाली तर नको. एकदा हो म्हणून दुसऱ्या स्कॅनला नको म्हणाली तरी चालतं, मधूनच बाहेर पडल्यानं तिच्या उपचारावर परिणाम होता कामा नये, आणि हे कागदात लिहिलेलं असलं पाहिजे. फोटोंची सीडी आणि रिपोर्ट तुम्हाला मिळणार का तेही. अजून एक कलम बघा, गुप्ततेचं. "नाव छापणार नाही" एवढं पुरत नाही. तालुका, वय आणि आजार छापला तरी अशी मुलगी कोण ते चार गावांत कळतं. याच कारणानं तुमच्या पत्रातली ओळख पटेल अशी एक-दोन गोष्ट मी इथं बदलली आहे. कुठली ते तुम्हाला कळलंच असेल.

मला विचाराल तर, एका स्कॅनला हो म्हणा, दुसऱ्याचं त्याच्यानंतर बघा. कागद मराठीत मिळाला आणि पोरगी हो म्हणाली तर. यातलं एक जरी नसलं तर मी नाही म्हणेन, आणि त्यात अपराधी वाटून घेणार नाही.

गेलातच तर स्कॅनच्या दिवशी तुम्ही सोबत असा. पेट-सीटीला बरेचदा हात डोक्याच्या वर घ्यायला सांगतात. तंत्रज्ञ घाईत असतो, सकाळपासूनचा पंधरावा पेशंट असतो, तो प्रेमानंच हात धरून वर करायला जाईल. तिथं मध्ये पडा. हात जिथवर जातो तिथवरच, नाहीतर अंगालगत, मानेखाली घडी घातलेली चादर. फोटो थोडा कमी चांगला आला तरी आला. झोपेचं औषध किंवा भूल देऊ म्हणाले तर थांबवा, या मुलांची मान आणि जबडा भुलेसाठी अवघड असतो आणि हा आजार पाहिलेला भूलतज्ज्ञच लागतो. ९ वर्षांची पोर गोष्ट ऐकत अर्धा तास पडून राहते. गोष्ट तुम्हीच सांगा, इंजेक्शन देण्याआधी सांगायला घ्या आणि शेवट यंत्रात जाईपर्यंत लांबवा. टेबलावर चढवताना काखेत धरून उचलू देऊ नका, पायरी मागा. स्टेशनवरच्या गर्दीत तिला भिंतीकडच्या बाजूनं चालवा.

मोजे जरूर न्या, खोलीत थंडी असतेच. पण समोरचा डॉक्टर तिला पहिल्यांदा बघत असेल, तर बोलायच्या आधी ते काढून तिचे पाय त्याला दाखवा.